वडील गेल्यापासून भाची ‘बाबांसाठी’ म्हणून हॉकी खेळते आहे. तिला असंच खेळू द्यावं का?

तुमचा प्रश्न तीनदा वाचला. भाची १५ वर्षांची, ऐरोलीला राहते, गेल्या आषाढात तिचे बाबा गेले. तेव्हापासून रोज चार तास हॉकी. रडत नाही, फारसं बोलत नाही, विचारलं तर एकच सांगते, बाबांसाठी भारताकडून खेळायचंय. आता वर्षश्राद्ध आणि शालेय स्पर्धेतला तिचा सामना एकाच आठवड्यात आलाय, आणि घरात दोन तट पडलेत. मामा म्हणून तुम्ही काय करावं, हे विचारताय.

आधी उत्तर देते, कारण नंतर सांगते. हॉकी बंद करू नका. पण ‘बाबांसाठी’ हा शब्द घरातल्या कोणीही, अगदी कौतुकानेसुद्धा, स्वतःहून तिच्यासमोर काढू नका. ती म्हणाली तर ऐकून घ्या. तुम्ही म्हणू नका.

मी कळव्याची, खारीगावात वाढले. माझा दादा हॉकी खेळायचा, राइट हाफला. धनराज पिल्लेचं वेड होतं त्याला. खडकीच्या कारखान्याच्या वसाहतीत मोडक्या स्टिकने खेळलेला मुलगा चार ऑलिम्पिक खेळतो, हे तो इतक्या वेळा सांगायचा की मला पाठ झालं होतं. मी ११ वर्षांची असताना तो मला चर्चगेटच्या हॉकी स्टेडियमवर एक सामना बघायला घेऊन गेला. सामन्याआधी टर्फवर पाण्याचे फवारे उडायला लागले तेव्हा मी विचारलं, गवत खोटं आहे तर पाणी कशाला घालतात? तो म्हणाला, पाणी नसेल तर बॉल अडकतो, खेळाडूची कातडी सोलते. तोवर मी हॉकी फक्त शाळेच्या मातीवर बघितली होती. मातीवर बॉल उड्या मारत येतो आणि इथे तो काचेवरून घसरावा तसा पळत होता. त्या दिवसाचं मला अजून सगळं आठवतं, परतीच्या गाडीत त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपले तेसुद्धा.

२००४ च्या नोव्हेंबरमध्ये तो संध्याकाळच्या लोकलमधून पडला. ठाणं सोडल्यावर, खाडीच्या पुलाच्या अलीकडे. १९ वर्षांचा होता. त्या दिवशी तो खेळायला गेलाच नव्हता, एका ठिकाणी नोकरीचं विचारायला गेला होता. म्हणून स्टिक घरी राहिली, दारामागे.

मी तेव्हा १३ वर्षांची. चार महिने त्या स्टिकला कोणी हात लावला नाही. आई केर काढताना ती जरा सरकवायची आणि परत होती तिथेच ठेवायची. मार्चमधल्या एका दुपारी मी ती उचलली आणि शाळेच्या मैदानावर गेले. मुलींचा संघ नुकताच बांधायला घेतला होता, पोरी कमी पडत होत्या. सरांनी काही विचारलं नाही, रांगेत उभं केलं.

स्टिक मला मोठी होती. जमिनीवर उभी धरली की ती साधारण कमरेच्या हाडाशी यावी लागते. दादाची साडेसदतीस इंची होती, माझ्या बरगड्यांना टेकायची. लांब स्टिकने खेळताना बॉल अंगापासून दूर राहतो, पटकन वळायला गेलं की मुठीचं टोक पोटात खुपतं. माझी पाठ दुखायची. मी कोणाला सांगितलं नाही. सर म्हणाले, सुताराकडून वरून दोन-अडीच इंच कापून आणतो, तेव्हा लाकडीच स्टिका असायच्या आमच्याकडे, कापता यायची. मी सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशी ओरडले. सर गप्प झाले. मग म्हणाले, “बरं. मग ही घरी ठेव. ही त्याच्या मापाची आहे.” मी नाही ठेवली. पुढचे सात-आठ महिने मी त्याच स्टिकने खेळले.

तुम्ही लिहिलंय की भाचीची मेहनत बघून कोच खूश आहेत. माझेही असायचे. मैदानाला फेऱ्या मारायच्या तर मी दुप्पट मारायचे. दुःखात पाय पळतात, दमही पुरतो. पण हॉकीचा निम्मा खेळ बॉल थांबवण्याचा आहे, आणि तिथे हात सैल लागतात. जोरात आलेला बॉल स्टिकवर घेताना उजवा हात किंचित मागे जाऊ द्यायचा असतो, म्हणजे बॉल स्टिकला चिकटतो. मुठी आवळलेल्या असल्या की तो आदळून दोन हात लांब जातो आणि समोरचीला मिळतो. माझ्या मुठी कायम आवळलेल्या असायच्या. मला वाटायचं, मी मेहनतीत कमी पडतेय. म्हणून अजून सराव, अजून आवळलेल्या मुठी. भाचीचा खेळ एकदा या नजरेने बघा. ती किती पळते ते सोडा, बॉल तिच्याकडे येताना तिचे खांदे कुठे असतात ते बघा.

आता जी गोष्ट सांगते ती मला सगळ्यात जास्त महत्त्वाची वाटते.

मी नववीत असताना आमचा संघ तालुक्याच्या पुढे गेला. गणपतीत आमच्या भागातल्या मंडळाने माझा सत्कार ठेवला. शाल, नारळ, सगळं प्रेमाने केलं होतं. सूत्रसंचालकांनी माइकवरून सांगितलं की ही मुलगी आपल्या दिवंगत भावाचं स्वप्न पूर्ण करायला मैदानात उतरली आहे, त्याच्याच स्टिकने खेळते आहे. लोक डोळे पुसत होते. माझी आई मागच्या रांगेत खाली मान घालून बसली होती. मी शाल पांघरून उभी होते आणि मनात एकच विचार होता, की आता मला थांबता येणार नाही. त्या माणसांबद्दल माझ्या मनात आजही राग नाही. पण १४ वर्षांच्या पोरीच्या अंगावर किती वजन टाकतोय, याचा अंदाज तिथे कोणालाच नव्हता.

त्यानंतर महिन्याभराने जिल्ह्याचा सामना. बरोबरी होती, शेवटची काही मिनिटं राहिली होती आणि आम्हाला पेनल्टी स्ट्रोक मिळाला. स्ट्रोक गोलपासून ६.४ मीटरवरून घ्यायचा असतो, समोर फक्त गोलकीपर, मारायला फक्त पुश किंवा फ्लिक, जोरात हिट करता येत नाही. शांत डोक्याचं काम आहे. मी स्वतःहून पुढे गेले. सरांनी दुसरीचं नाव घेतलं होतं, मी ऐकलं नाही. उभी राहिले आणि दादाला म्हटलं, हा तुझा. बॉल गोलकीपरच्या पॅडवर गेला, सरळ. पुढच्याच मिनिटाला त्यांनी गोल केला.

हरणं काय असतं ते मला माहीत होतं, त्याआधीही हरले होते. पण त्या दिवशी मी सामना हरले नव्हते, माझ्या लेखी दादा दुसऱ्यांदा गेला होता. आणि या वेळी हात माझा सुटला होता. आठ दिवस शाळेत गेले नाही. जेवण उतरेना. नवव्या दिवशी रात्री आईला म्हटलं, माझ्यामुळे झालं.

आमच्या आईचं पोळीभाजीचं काम होतं, पहाटे चारला उठायची. ती पोळपाट धूत होती. ती वळली आणि म्हणाली, “तुला हे ओझं कोणी दिलं? मी तर दिलं नाही.” मग हात पुसून खाली बसली आणि तिने मला दादाबद्दल काहीतरी सांगितलं जे मी विसरूनच गेले होते. म्हणाली, तो हरून आला ना, की दुप्पट जेवायचा. तीन भाकऱ्या खाणारा पोरगा हरल्यावर सहा खायचा आणि आडवा व्हायचा. २००४ च्या ऑगस्टमध्ये अथेन्सला भारत सातवा आला, धनराजचं ते शेवटचं ऑलिम्पिक. त्या दिवशी कळवळला, शिव्या दिल्या, जेवला आणि म्हणाला, २००८ ला बघू. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकला भारत पात्रच ठरला नाही, १९२८ पासून पहिल्यांदाच. ते बघायला तो नव्हता.

मी तोवर दहा महिने फोटोतल्या दादाशी बोलत होते. फोटोतला दादा कधी हरत नव्हता, आळस करत नव्हता, माझ्या वेण्या ओढत नव्हता. आईने त्या रात्री मला खरा दादा परत दिला. मी जेवले. किती जेवले ते आईलाच माहीत.

दुसऱ्या दिवशी स्टिक दारामागे ठेवली. सरांनी शाळेची एक जुनी ३५ इंची दिली. पहिल्या आठवड्यातच बॉल थांबायला लागला.

तुम्ही लिहिलंय की नातेवाईक भाचीला लालरेमसियामी आणि वंदना कटारिया या भारताच्या हॉकीपटूंचे व्हिडिओ पाठवतात. त्या दोघींबद्दल मला फार आदर आहे, म्हणूनच त्यांची गोष्ट तिच्यापर्यंत पूर्ण पोचावी असं वाटतं. २०१९ च्या जूनमध्ये जपानमध्ये हिरोशिमाला आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उपांत्य सामन्याच्या तोंडावर लालरेमसियामीचे वडील गेले. ती मिझोरमला परतली नाही, उपांत्य आणि अंतिम दोन्ही सामने संघाबरोबर राहिली, भारताने अंतिम सामन्यात जपानला ३-१ हरवलं, मग ती घरी गेली. व्हिडिओत एवढं असतं. पण ती तेव्हा आधीच्याच वर्षी लंडनचा विश्वचषक आणि आशियाई स्पर्धेतलं रौप्य पाहून आलेली खेळाडू होती. राहायचं की जायचं हे तिने ठरवलं, आणि तिच्या आजूबाजूला अख्खा संघ होता. १९ वर्षांची होती, माझ्या दादाएवढी.

वंदनाचे वडील मे २०२१ मध्ये गेले. ती बंगळुरूच्या शिबिरात होती, अंत्यदर्शनाला जाता आलं नाही. ३१ जुलैला टोकियोत दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तिने तीन गोल केले. ऑलिम्पिकमध्ये हॅटट्रिक करणारी ती पहिली भारतीय महिला हॉकीपटू. व्हिडिओ इथे संपतो. त्यानंतर सहा दिवसांनी, ६ ऑगस्टला, ब्राँझसाठीच्या सामन्यात ब्रिटनविरुद्ध तिने पुन्हा गोल केला, भारत ३-२ ने पुढे होता, आणि आपण ४-३ हरलो. भाचीला हा सामना दाखवा. दहा वर्षांहून जास्त काळ देशाकडून खेळणारी, दोन महिन्यांपूर्वी वडील गमावलेली बाई जीव तोडून खेळते आणि तरीही पदक हातातून जातं. तिच्या वडिलांचं त्यात काही कमी झालं का? गावातले लोक नावं ठेवत असताना ज्या माणसाने पोरीला खेळायला पाठवलं, त्याने एका गोलने हरलेल्या लेकीला काय म्हटलं असतं, हे भाचीला विचारा. उत्तर ती देईल.

आमच्या मराठी घरांत अशा वेळी सचिनचंही नाव निघतं. १९९९ ला वडिलांचे अंत्यसंस्कार करून तो इंग्लंडला परतला आणि केनियाविरुद्ध नाबाद १४० केल्या. खरं आहे, सगळ्यांना आठवतं. पण तो आधी घरी आला होता, हेही आठवायला हवं. आणि २६ वर्षांचा होता.

आता थोडं रोजच्या गोष्टींबद्दल. मी सध्या नवी मुंबईतल्या एका शाळेत मुलींना हॉकी शिकवते, त्यामुळे हे अनुभवाचे बोल म्हणून घ्या. वाढत्या वयात रोज चार तास, त्यातले निम्मे एकटीने भिंतीवर बॉल मारत, हे जास्त आहे. सोसायटीच्या काँक्रीटवर पळत असेल तर नडग्या दुखायला लागतील, आणि वाकून खेळण्याचा हा खेळ असल्याने कंबरही. कोचशी बोलून संघाबरोबरचा सराव पूर्ण ठेवा, एकटीचा कमी करा, आठवड्यातून एक दिवस पूर्ण सुट्टी. ती सुट्टी तिला जड जाईल, पहिले दोन-तीन रविवार फार जड जातील. तेव्हा तुम्ही सोबत असा. जेवणाकडे आणि पाळीकडे आईचं लक्ष हवं, रक्त कमी असेल तर पोरी सांगत नाहीत, नुसत्या दमत राहतात. अभ्यास सुटू देऊ नका. खेळाडूंना दहावीला सवलतीचे गुण मिळतात हे खरं, पण त्या भरवशावर राहायचं वय नाही हे.

भारताकडून खेळायचं स्वप्न वेडगळ आहे असं कोणी म्हणत असेल तर त्यांना थांबवा. फलटण तालुक्यातल्या शेतकरी घरांतून आलेल्या वैष्णवी फाळके आणि अक्षता ढेकळे पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडल्या आणि भारताकडून खेळल्या. ते होतं. फक्त त्या वाटेवर जिल्हा आहे, विभाग आहे, राज्य आहे, आणि प्रत्येक ठिकाणी हरणं आहे, वगळलं जाणं आहे. जी मुलगी प्रत्येक पराभवात बाबांना पुन्हा गमावणार असेल, ती एवढी वर्षं कशी टिकेल? मला काळजी तिच्या स्वप्नाची आहे, म्हणून हे लिहितेय.

झोप उडाली असेल, वजन उतरत असेल, दुखापत लपवून खेळत असेल किंवा ‘मी पण बाबांकडे जाते’ असं काही बोलली, तर मामा-मावशींच्या समजावण्यावर सोडू नका. समुपदेशकाकडे न्या. १४४१६ हा टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा क्रमांक आहे, सरकारी आहे, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. माझ्या वेळी असं काही असतं तर आईला एकटीला ते पेलावं लागलं नसतं.

राहिला तो आठवडा. वर्षश्राद्ध तिथीने करताय की तारखेने, हे आधी ठरवा, कदाचित सामना आणि विधी वेगवेगळ्या दिवशी येतील. एकाच दिवशी आले तर तिला विचारा. तिलाच, आणि सगळ्यांसमोर नको, तुम्ही दोघंच असताना. तिला सांगा की खेळलीस तरी चालेल, घरी थांबलीस तरी चालेल, आणि सकाळी उठून मन बदललं तरी चालेल. कोचना तारीख आधीच कानावर घाला, म्हणजे शॉर्ट कॉर्नर किंवा स्ट्रोकसारखा दडपणाचा क्षण तिच्या गळ्यात पडणार नाही, आणि ती माझ्यासारखी स्वतःहून पुढे गेली तर ते तिला थांबवतील. संघात घोषणा नको, दंडाला काळी पट्टी नको, स्थानिक बातमीदाराला फोन नको.

आणि ती खेळायला गेली तर तुम्ही जा. बाउंड्रीच्या बाहेर उभे राहा. परत येताना ठाण्याला गाडी बदलायला लागली तर फलाटावर तिला काहीतरी खायला घ्या, निकाल काहीही असो. घरी पोचल्यावर ताईंना एकच सांगून ठेवा, की त्या रात्री जेवताना त्यांनी तिच्या बाबांची एखादी साधी गोष्ट काढायची. ते कशावरून चिडायचे, कुठल्या भाजीला नाक मुरडायचे, लग्नाआधी गाडी चुकल्यावर त्यांनी ताईंना काय थाप मारली होती. तुमच्या भाचीला त्यातलं बरंच माहीत नसेल. ताईंना असेल.